पत्र्यामागची हलगी

"आरं वाजव की. दिसत न्हाई म्हनून काय झालं? हात तर हाईत न्हवं तुला?"

पत्र्याच्या वर एक पांढरी टोपी आली. टोपीखालचं तोंड हे बोललं आणि परत खाली गेलं. पलीकडं हशा झाला. खुर्च्या करकरल्या. मी पत्र्याच्या अलीकडं उभा. गळ्यात हलगी. पायाखाली सांडपाण्याची नाली. नाकासमोर गंजका पत्रा. पत्र्यापलीकडं मैदान, मैदानात फुटबॉलची फायनल, आणि फायनलमधी माझा सख्खा धाकटा भाऊ, किसन.

मी तिसरी शिकलेला माणूस. शाळा सुटली ती मानवतच्या जिनिंगवर कापसाच्या गाठी उचलायला. जमतं तेवढं लिहायलोय. अक्षर कुणाला सुधारायचं असंल त्यानं सुधारावं. बोलणं सुधारू नये.

जिनिंगच्या मागं मोकळं रान होतं. तिथं फुटबॉल चालायचा. निजामाच्या वखताला कुण्या पोलीसवाल्यानं आणला म्हणतात. आमच्या टीममधी मोहल्ल्यातला रशीद, भीमनगरची दोघं, एक पाटलाचा पोरगा, आणि मांगवाड्यातला आमचा किसन. किसन पुढं खेळायचा. बारीक अंग, पण पाय असा की बॉल त्याच्याजवळ राहायला राजी.

तवा मैदानाला भिंत नव्हती. चुन्याची लाईन, लाईनीपासून दोन पावलावर सुतळीचा दोर. दोराला पोट लावून सगळं गाव उभं. हमाल, टांगेवाले, भाजीवाल्या. जिनिंगचा शेटसुद्धा घरून खुर्ची आणायचा, पण ठेवायचा ती दोराशीच. तिकीट न्हाई. मॅच संपली की रशीद आणि किसन एक पंचा धरून फिरायचे, ज्याला जे वाटंल ते टाकावं.

दोन पावलं म्हंजी किती जवळ, ते सांगतो. बाहेरच्या टीमचा गडी कोपऱ्यावरून बॉल मारायला आला की आमचा म्हातारा टांगेवाला त्याच्या कानाशी हळूच इचारायचा, "क्या बेटा, खाना खाया?" गडी बिचारा हसायचा. बॉल जायचा जिनिंगच्या छतावर. खेळणाऱ्याचा दम आमाला ऐकू यायचा, आमचा त्याला. मानवतला जिंकणं सोपं न्हाई, असं पार पिंगळीपर्यंत बोललं जायचं. पाय आमचे तेवढे भारी नव्हते. दोर भारी होता.

आणि हलगी. पऱ्हाटीचा, म्हंजी कापसाच्या वाळक्या काड्यांचा, जाळ करून मी ती शेकायचो. कातडं ताणून टणक झालं की दोराशी उभं राहायचं आणि बॉलच्या मागं वाजवत जायचं. बॉल आपल्या अंगाला असला की सावकाश. किसनच्या पायाला लागला की जलद. त्याच्या मागून कुणी चोरपावलानं यायलाय असं दिसलं की दोनच टोले, कड, कड. गोल झाला की मग दोन्ही हातानं, मन भरंपर्यंत.

किसन म्हणायचा, "दादा, मला मागं वळून बघायची गरजच न्हाई. तुझी हलगी हाय न्हवं."

भीमनगरचा गौतम माझ्यासंगं हमाली करायचा. आमच्याकडं विद्यापीठाच्या नामांतरावरून घरं जळाली त्याला चार-पाच वर्सं झाली होती. गौतम सभेला जायचा, मोर्चाला जायचा. तो मला म्हणायचा, "दादा, हलगी सोड. लग्नात मांडवाच्या बाहेर उभं करत्यात तुला. नवरा-नवरी दिसत न्हाईत तुला, तरी वाजवतूस. सगळी जेवली की मग तुझ्या हातावर येतं."

मी म्हणायचो, "ती हलगी येगळी. ती गावाची. ही बॉलची. हिथं मला कुनी बोलवत न्हाई. मी सोताहून येतो."

तो म्हणायचा, "बगू."

मग एका वर्सी कमिटी झाली. मोठी स्पर्धा, चांदीचा कप. जिनिंगचे जुने पत्रे आणून चारी बाजूनं ठोकले. आत तीन जागा केल्या. मांडवात खुर्च्या, त्याच्या बाजूला बाक, आणि पार कोपऱ्यात, नालीच्या अंगाला, बांबूच्या आत खाली बसायचं. खाली बसायचं तिकीट म्हंजी माझी दिवसभराची हमाली. खुर्च्या लाईनीपासून तीस पावलं मागं, का तर पावन्यांच्या मोटारी मधल्या जागेत लावायच्या. ज्याच्याजवळ आवाज होता त्याच्याजवळ तिकिटाला पैसा नव्हता. ज्यानं खुर्ची घेतली त्याला ओरडायची लाज. भाषण संपल्यावर वाजवतात तसल्या टाळ्या वाजवायचे, आणि परत शेंगा.

पहिले दोन सामने मी हमाली सोडून बघितले. बांबूच्या आतून अर्धंच मैदान दिसायचं. तिसऱ्याला पैसे नव्हते. जिनिंगच्या गाठीवर चढून मान लांब केली, तरी पत्र्यावरून काही दिसंना. मैदान गपगार. रेफ्रीची शिट्टी वाजली तरी दचकायला व्हावं. बाहेरच्या टीमचा एकजण रशीदला म्हणाला, "क्या मियाँ, मय्यत में बुलाए क्या हमको?" ती मॅच आमची कशीबशी बरोबरीत सुटली आणि पेनल्टीवर आमी फायनलला गेलो.

दुसऱ्या दिवशी कमिटीचे मास्तर मांगवाड्याच्या तोंडाशी आले. आत आले न्हाईत. लिंबाखाली उभं राहून मला बोलावलं.

"फायनलला मोठे पावने यायलेत. मैदानात वातावरनच न्हाई. तू हलगी घिऊन ये. तुला तिकीट लागनार न्हाई."

मला लय बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. मायनं सदरा धुतला. किसन म्हणाला, "दादा, आता बघ." मी चूक केली ती हिथंच. तिकीट लागणार न्हाई म्हटल्यावर मी आत धरला गेलो असं मीच ठरवलं. उभं कुठं राहायचं ते इचारलंच न्हाई. मांडवाच्या बाहेर उभं राहण्यात जल्म गेला, तरी इचारलं न्हाई.

फायनलच्या दुपारी गेटवर गेलो तर मास्तरांनी हात आडवा केला.

"आत कुठं? तू मागून जा. पत्र्याच्या त्या अंगाला, मांडवाच्या पाठीशी. आवाज येतो की वरून."

"मास्तर, बॉल दिसला पायजे."

"पावन्यांच्या खुर्च्या हाईत तिथं. समजून घे जरा."

मी समजून घेतलं. नालीवर जाऊन उभा राहिलो. तिथं आमचीच माणसं जमली होती, तिकीट नसलेली. टांगेवाला होता, गौतम होता, भाजीवाली सोना होती. सगळी पत्र्याकडं तोंड करून उभी, भिताडाकडं बघावं तशी. गौतमनं सरकून मला जागा दिली. मी पत्र्यावर थाप मारून वर हाक दिली, जरा एखादी फट करा म्हणून. तवा ती टोपी वर आली आणि मी सुरुवातीला लिहिलंय ते बोलली.

मी वाजवली.

लोक इचारतात, का वाजवलीस? किसन आत होता म्हणून. सगळं गाव बाहेर ठेवून तो एकटा आत होता. मला वाटलं, हलगी तरी त्याच्याजवळ जाईल.

काय चाललंय ते आवाजावरून ओळखायला लागलो. "किसन, किसन" असं रशीदचं वरडणं ऐकू आलं. म्हंजी बॉल त्याच्याकडं. मी जलद घेतली. कड-कड मारायची ती कुठून मारू? मागचं मला दिसत नव्हतं. मी जलदच वाजवत राहिलो. जलद म्हंजी त्याला काय, तर मागं कुणी न्हाई, जा पुढं.

मग पलीकडं मोठा गलका झाला. खुर्च्या पहिल्यांदाच उठल्याचा आवाज. मला वाटलं, किसननं घातला. मी दोन्ही हातानं, अंगात आल्यासारखी गोलाची वाजवली. सोना नाचली. टांगेवाल्यानं टोपी उडवली.

पत्र्याच्या आतून हसणं आलं. एकाचं न्हाई, सगळ्या मांडवाचं. पत्र्यावर ती पांढरी टोपी परत आली. डोळ्यातनं पाणी येईपर्यंत हसत होती.

"आरं येड्या, गोल तुमच्यावर झालाय. तुझ्या भावाच्या पायातनंच, मागून येऊन, बॉल काढून नेला की त्यांनी. पर थांबू नकू, वाजव. लय मजा आली पावन्यांना."

माझे हात हलगीवर तसेच राहिले. मांडवाच्या बाहेर इतकी लग्नं वाजवली, पण आतल्या नवऱ्याचं काही बिघडलं न्हाई माझ्यामुळं. आज आतला माझा होता. मी आंधळ्यासारखा वाजवून त्याला खड्ड्यात घातला होता आणि वरून त्याच्या हरण्याचा आनंद केला होता. सगळ्यांदेखत. त्याच्या कानांदेखत.

थोड्या वेळानं मास्तर मागून धावत आले.

"थांबलास का? चहा पाठवू का?"

मी म्हणालो, "चहा नको. एक पत्रा काढा."

"काय?"

"एक पत्रा काढा. मग वाजवतो."

"एक पत्रा काढला की शंभर फुकटे आत शिरत्याल. कमिटीनं काय करायचं?"

"मग न्हाई."

"बोलवून आनलंय तुला," मास्तर म्हणाले. आवाज चढला होता. "असं अर्ध्यातून सोडता येत न्हाई."

सोनानं पाण्याचं मडकं आणलं होतं. ते मी उचललं आणि हलगीच्या कातड्यावर ओतलं. सगळं. ओलं कातडं बोलत न्हाई. मी ते मास्तरांपुढं धरलं आणि बोटानं वाजवून दाखवलं. भिजलेल्या पोत्यावर मारावं तसा आवाज. मास्तरांनी सदऱ्यावर उडालेलं पाणी झटकलं. मग गेले.

त्यानंतर पत्र्याच्या बाहेर कुणी चकार शब्द काढला न्हाई. टांगेवाला न्हाई, सोना न्हाई. ऊन उतरंपर्यंत आमी नालीवर उभे. आत शिट्ट्या वाजल्या, टाळ्या वाजल्या. आमी एका गोलानं हारलो.

किसन मागच्या बाजूनं आला. गुडघा फुटलेला. माझ्यासमोर उभा राहिला, हलगीकडं बघितलं.

"दादा, तू जलद वाजवलीस. मी मागं बघितलंच न्हाई."

"मला दिसत नव्हतं रं, किसन."

त्यानं ओल्या कातड्यावर हात फिरवला. मग म्हणाला, "मग वाजवलीस कशाला?"

रागानं न्हाई. रागानं म्हटला असता तर मी विसरलो असतो. खरंच कळत न्हाई म्हणून इचारावं तसं इचारलं त्यानं. गौतमनं वर्सं घातली माझ्यापुढं बोलण्यात, ते ह्या तीन शब्दांत कळलं. गावाची हलगी आणि बॉलची हलगी अशा दोन नव्हत्या. मला न दाखवता माझ्याकडून वाजवून घेतली, की ती मांडवाबाहेरचीच.

त्या सालापासून लग्नं सोडली. मांडवात उभं करा, नवरा-नवरी दिसू द्या, मग वाजवतो म्हणालो. कुणी उभं केलं न्हाई. गाव बोलायचं बंद झालं, हमाली चालू राहिली. पुढल्या वर्सी कमिटीनं परत निरोप धाडला. मी तोच जबाब दिला. दोन वर्सं पत्र्यात मुकी स्पर्धा चालली, मग बंद पडली. पत्रे कुणीतरी गोठ्याला नेले. दोर काही परत आला न्हाई.

किसन गौतमसंगं मोर्चाला जायला लागला. लॉकपमधी राहून आला. नामांतर झालं तवा दोघं माझ्याकडं पेढे घिऊन आले. खेळणं त्यानं सोडलं नव्हतं. खेळायचा, पण मागं वळून वळून बघत. पुढं खेळणारा मागं बघायला लागला की त्याचं अर्धं पाऊल जातं. त्याचं ते अर्धं पाऊल मी घालवलं. ते मला कुणी परत देऊ शकत न्हाई, त्यालाही देता आलं न्हाई मला. परसाली तो गेला. त्याच्या मयताला मी हलगी शेकली. त्याचं तोंड दिसत होतं, तिथं उभं राहून वाजवली.

आता नवीन मैदान व्हायलंय म्हणतात. पक्की भिंत, गॅलरी, साहेबांसाठी येगळं गेट. चांगल्या कपड्यातला एक पोरगा आला होता. म्हणाला, "आजोबा, उद्घाटनाला तुमची हलगी पायजे. जुनी परंपरा हाय आपली."

मी इचारलं, "उभं कुठं करणार?"

"गेटवर. पावन्यांच्या स्वागताला."

"गेटवरून मैदान दिसतं का?"

तो हसला. "आजोबा, तुमाला वाजवायचंय का बघायचंय?"

मी त्याला बसायला सांगितलं न्हाई. हलगी खुंटीवर हाय, कातडं सैल पडलंय. पऱ्हाटी पडवीत रचून ठेवलेली हाय, काडी लावायचाच वेळ. पण मैदान दिसायला त्या पक्क्या भिंतीतली एक वीट काढत न्हाईत तोवर मी जाळ करणार न्हाई.