आईला भिंती दिसल्या तेव्हा

आईच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन जालन्याला झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली आणि मी तिला देऊळगाव राजाच्या आमच्या घरी घेऊन आले. आत शिरताच तिनं काळा चष्मा कपाळावर सरकवला आणि बैठकीच्या मधोमध उभी राहिली.

"बाई वं, एवढं कळकट कधी झालं हे घर? मले काऊन नाही सांगतलं कोणी?"

बाबा गेल्यापासून सहा वर्षं घराला रंग नव्हता. स्वयंपाकघरात धुराचे ओघळ, मोरीजवळ पोपडे, बटणांभोवती हातांचे काळे डाग. बुलडाण्याहून मी दर महिन्याला येत होते, सगळं बघत होते. तिला दिसतच नाही तर कशाला उगाच, म्हणून गप्प बसले होते. त्या दिवशी मला माझीच लाज वाटली.

रंगारी लग्नसराईच्या कामांत अडकलेला. मी पुण्याला भावाला फोन केला, तर तो म्हणाला, "आपणच देऊ. बाबा देत नव्हते का?"

महिन्याभरानं तो चार दिवसांची रजा काढून आला. उंद्रीहून मामा आले, सत्तरीच्या घरातले, पण स्वतःचा कुंचा पिशवीत घालून. डोळ्यांत धूळ जायला नको म्हणून आईला समोरच्या काकूंच्या ओट्यावर बसवलं. तिथूनच तिचे हुकूम सुटायचे.

पहिला वाद रंगावरून झाला. भावाला फिकट, जवळजवळ पांढरा रंग हवा होता. आईनं रंगांच्या कार्डावर बोट ठेवलं ते निळ्यावर.

"आई, फार भडक दिसेल हा."

"दिसू दे. इतकी वर्षं मले सारं पिवळंच दिसून राह्यलं होतं. आता निळं पाहू दे जरा."

भाऊ उठला. पिशवी उचलून दुकानात गेला.

भिंती घासायला घेतल्या आणि खालचा जुना चुना निघू लागला. आम्ही लहान असताना बाबा दिवाळीआधी ड्रममध्ये चुना भिजवायचे. तो खदखदायला लागला की आम्हा दोघांना लांब उभं करायचे. आई त्यात निळीची पूड टाकायची. ओली भिंत राखाडी दिसायची आणि वाळली की पांढरीशुभ्र. ते पांढरं होणं बघत आम्ही जेवायचं विसरायचो.

"मामा, उतरा खाली. मी देतो वरचं," भाऊ शिडीची घोडी धरून म्हणाला.

"तू काम्प्युटर चालव बे! हे तुह्या बापानं शिकवलं मले. बहिणीच्या लग्नानंतर पहिल्या दिवाळीले तिच्याकडं पाहुणा म्हणून आलो, तर माह्या हातात कुंचा दिला त्यानं."

दुसऱ्या दिवशी दुपारी लोखंडी कपाट सरकवलं. मागे भिंतीवर कपाटाएवढाच चौकोन, घर बांधलं तेव्हाच्या मूळ रंगाचा. बाबांनी कपाट कधी हलवलंच नव्हतं. दर वर्षी त्याच्या कडेकडेनं कुंचा फिरवून मोकळे व्हायचे आणि आईला सांगायचे, "दिला बरं, मागेही दिला." भाऊ आधी खूप हसला. मग हसता हसताच खाली बसला आणि बाहीनं डोळे पुसू लागला. बाबांच्या शेवटच्या दिवशी तो वेळेवर पोचू शकला नव्हता. त्याबद्दल तो कधी बोलला नव्हता. मामा घोडीवरून उतरले आणि त्याच्याजवळ जमिनीवर बसले.

तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला, "कपाटामागं दिलं का रे?"

"देऊन राह्यलो, आई!" भाऊ ओरडला. त्या चौकोनाला त्यानं तीन हात दिले.

चौथ्या दिवशी आईला घरात आणलं. ती प्रत्येक भिंतीसमोर थांबत फिरली. छताजवळ राहिलेला एक पट्टा तिनं बरोबर दाखवला, आणि मग म्हणाली, "चांगलं झालं." काकूंनी भाकरी पाठवल्या होत्या. आत रंगाचा वास होता म्हणून आम्ही अंगणात जेवलो.

आता गुडघ्यांमुळे आई पुण्याला भावाकडे असते. मी महिन्यातून एकदा कुलूप काढते, खिडक्या उघडते, झाडून घेते. भाऊ येतो तोही सकाळी येऊन संध्याकाळी परत. लहानपणी दिवसच्या दिवस आम्ही दोघं एका घरात असायचो, त्याचं काहीच वाटायचं नाही. मोठेपणी तसे चारच दिवस मिळाले.