आत्या, देव आणि दवाखान्याचा करार

आत्या निवांत बसलेली मी कधी पाहिली नाही. जेवायला बसली तरी एक पाय दुमडलेला आणि दुसरा उठायच्या तयारीत. अणदूरला तिच्या घरी गेलं की ती प्रश्न विचारायची चुलीपाशी आणि उत्तर ऐकायची अंगणात. मधलं बोलणं आपण तिच्यामागं फिरत पुरं करायचं. "बसलं की मानूस गंजतंय," हे तिचं ठरलेलं वाक्य. अशा बाईच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि आठवड्यातून दोनदा, चार-चार तास मशीनला जोडून पडून राहणं नशिबी आलं. देवाला माणसं बरोबर सापडतात.

दवाखाना बसनं अर्ध्या तासावर होता आणि सरकारी योजनेत होता. कार्ड दाखवायचं, डायलिसिस करून घ्यायचं, दुपारी घरी. मंगळवार आणि शुक्रवार हे तिचे वार. स्वतःला पथ्य असूनही सिस्टरांसाठी शेंगाचटणीची पुडी न्यायची आणि खिडकीजवळच्या बेडवरून सगळा वॉर्ड चालवायची. कुणी किती पाणी प्यायलं याची झडती तीच घ्यायची. तिथले सगळेच तिला आत्या म्हणत.

दिवाळीच्या सुमारास एका मंगळवारी काउंटरवरच्या माणसानं तिचं कार्ड परत केलं. "आत्या, आपला दवाखाना आता योजनेत न्हाय. करार संपला."

"संपला तर दुसरा लिवा की," आत्या म्हणाली. "आमच्या खंडोबाचा दर वर्षी लिवतेत."

कुणी म्हणालं, दवाखान्याची बिलं थकली होती. कुणी म्हणालं, दवाखान्यानंच काहीतरी लबाडी केली. खरं काय ते पेशंटला कोण सांगतो? योजनेची पाटी मात्र फाटकावर तशीच लटकत होती. तिच्याकडं बघून माझं डोकं फिरायचं.

आत्याचं डोकं वेगळ्याच वाटेनं चालायचं. आमच्याकडं देवसुद्धा कराराला बांधलेला. वर्षातला बराच काळ खंडोबा अणदूरला असतो, मग नळदुर्गचे मानकरी येतात, दोन्ही गावांत लेखी करार होतो आणि पालखी तिकडं जाते. मुदत सरली की पुन्हा करार, आणि देव माघारी. आत्या जन्मभर हेच बघत आलेली. तिच्या लेखी करार संपतो तो पुन्हा व्हायलाच. "देव येतो माघारी, तर दवाखाना न्हाय यायचा व्हय? थोडी कळ काढू की," एवढं बोलून ती मला गप्प करायची. जुन्या दवाखान्यातच पैसे भरून डायलिसिस करू म्हटलं, तर माझ्या पगारात फार तर दोन-चार महिने निघाले असते. आणि हा आजार जन्माचा.

मग सोलापूर. कार्ड तिथं चालायचं, पण नंबर मिळेल तेव्हाचा. पहाटे निघायची, अंधार पडल्यावर घरी. एवढा प्रवास करून आली की दुसऱ्या दिवशी तिला उठवायचं नाही, आणि न उठणं हे तिला आजारापेक्षा जास्त लागायचं. मी सोलापुरातच नोकरीला. माझ्याकडंच राहा म्हणालो, हट्टानं आणलीही. दोन खोल्यांत ती कोंडल्यासारखी फेऱ्या मारायची. आठवड्यात पिशवी उचलून गेली. पुढं ती एखादा वार चुकवू लागली. मी फोनवर ओरडायचो, ती म्हणायची, "आता हुईलच की करार."

नळदुर्गहून देव परत यायचा दिवस नेमका तिच्या डायलिसिसच्या वारी, शुक्रवारी आला. जवळचा दवाखाना असता तर डायलिसिस करूनही ती दुपारी वेशीवर हजर असती. आता दोन्हीपैकी एकच जमणार होतं. "सोमवारी जाते," ती म्हणाली. "देवाला सांगते, आमच्या दवाखान्याचंबी बघ म्हनून."

रविवारी सकाळी तिला दम लागला. शेजारणीच्या सुनेनं जीप केली. जुना दवाखाना वाटेतच होता. जीपवाल्यानं फाटकापाशी गाडी उभी केली, सूनही खाली उतरली. आत्यानंच हात हलवला. "चला पुढं. हितं आपलं कार्ड चालत न्हाय."

सोलापूर यायच्या आधीच सगळं संपलं. मी सरकारी दवाखान्याच्या दारात उभा होतो, नंबर लावून.

महिन्याभरानं मला फोन आला. काउंटरवरचा तोच माणूस होता, आवाजात आनंद. "आत्यांचा फोन लागंना, म्हनून तुमाला केला. करार झाला बघा. झाला की पयलं मला सांगा म्हनून लई बजावलं हुतं त्यांनी. मंगळवारी पाठवा, खिडकीजवळचाच बेड ठिवलाय."

"सांगतो," मी म्हणालो. 

त्या मंगळवारी मी घरातच होतो. सकाळपासून दोन खोल्यांत फेऱ्या मारत होतो. बायको दोनदा म्हणाली, जरा बसा. बसवेना.