तांब्याच्या तारेचे गळ

आमचं गाव जळकोटच्या अलीकडे. लातूर जिल्हा नवा झाला त्या सुमाराची गोष्ट. कागदावरचा जिल्हा बदलला, पण आजारी माणसाला आम्ही अजून नांदेडलाच न्यायचो. पावसानं लागोपाठ दोन वर्षं पाठ फिरवली होती.

बाबा मजुरीला जायचे, पण जीव सगळा गावच्या तळ्यात. त्यांच्याकडे एक लांब दोर होता. त्याला हातभर अंतरावर एक, असे चाळीस गळ. संध्याकाळी दोर पाण्यात सोडायचा आणि पहाटे ओढायचा. आई लहानपणीच गेली, त्यामुळे गळांची निगा माझ्याकडे आली. गंजलेले गळ रॉकेलात भिजवायचे, काथ्यानं घासायचे, चिंचेच्या पाण्यातून काढून लगेच कोरडे करायचे, टोकाला कानस मारायची आणि करडईच्या तेलाचा हात फिरवायचा. दोरा बांधतो तिथं मी पाण्याच्या जळालेल्या मोटारीतली तांब्याची बारीक तार गुंडाळायची, बरोबर सात वेढे. तसे गळ पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाकडे नव्हते. मला त्याचा अभिमान होता.

दुष्काळाच्या आदल्या वर्षी आम्ही भोकरला एका लग्नाला गेलो आणि आठ दिवस अडकलो. दोर पाण्यातच राहिला. परत येऊन ओढला तर बुडलेल्या बाभळीच्या खोडाला अडकून तुटला. एकही गळ हाती आला नाही.

"पाण्याचं पाण्याला गेलं," बाबा म्हणाले, आणि आम्ही ते विसरलो.

मग तळं आटलं. तळाला भेगा पडल्या आणि रोजगार हमीवर गाळ काढायचं काम निघालं. निम्मं गाव तिथं टोपल्या वाहायला. मीही होते. माझ्या पुढं शेजारची वहिनी चालायची. माझ्याच वयाची, लग्न होऊन वर्ष झालेली. नवरा कामासाठी हैदराबादला आणि घरात सासू.

एक दिवस ती टोपलीसकट खाली बसली. तळपायात गळ घुसला होता, उलट्या काट्यापर्यंत आत. बायका ओढायला लागल्या तशी ती किंचाळली. कुणीतरी बाबांना हाक मारली. गळ ओढायचा नसतो हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तो पुढं ढकलून टोक कातडीबाहेर काढलं, पकडीनं काटा तोडला आणि मागून अलगद सोडवला. मग तळहातावर घेऊन पाहिला. गंजाच्या पापुद्र्याखाली हिरवी पडलेली तार होती. बाबांनी मूठ मिटली.

"काय न्हाई, लहान हाय," ते म्हणाले. "हळद भर, चुना लाव. दोन दिसात चालशील."

मी शेजारीच उभी होते. ती तार मीच गुंडाळली होती. मी टोपली उचलली आणि चालू लागले.

त्या रात्री बाबा जेवले नाहीत. मी त्यांचं ताट झाकून ठेवलं. तिसऱ्या दिवशी वहिनीचा पाय पोटरीपर्यंत सुजला आणि अंगात ताप भरला. उदगीरला नेलं, तिथून नांदेडला. महिनाभरानं ती परत आली तेव्हा पायाची दोन बोटं काढलेली होती. टाच टेकवून, भिंतीला धरून चालायची.

ती दवाखान्यात असताना बाबा रोज कामाच्या आधी त्या बाभळीच्या खोडापाशी जायचे आणि हातानं गाळ चाळायचे. सापडेल ते डब्यात घालून आणायचे. मातीचे, गंजाचे नुसते गोळे. मग अंगणात बसून एकेक रॉकेलात घालून घासायचे.

"आता कामून साफ करून राहिले?" मी म्हटलं. "फेकून द्या की."

"फेकू कुठं? जिथं फेकीन तिथं कुणाचा तरी पाय पडंल." ते घासतच राहिले. "आन साफ केल्याबिगर कळत न्हाई आपला कोन्ता. मोजायचे हायेत मला."

मी दुसरा काथ्या घेतला आणि त्यांच्या समोर बसले. तार दिसली की तो गळ ते उजवीकडे ठेवायचे. तिच्या पायातला धरून एकतीस भरले. नऊ कधीच सापडले नाहीत.

वहिनी आल्यावर चार दिवसांनी बाबा मला म्हणाले, "चल." आम्ही तिच्या ओसरीवर गेलो. बाबांनी तो काटा तुटलेला गळ जमिनीवर ठेवला.

"हा माझा व्हता," ते म्हणाले. "त्या दिशी वळखला. बोललो न्हाई."

सासू आतून आली आणि गळाकडे बघत राहिली. वहिनीनं बघितलंही नाही.

"मला ठाव हाय," ती म्हणाली. "तुमी मूठ झाकली तवाच कळलं."

"लेकरा, चूक झाली."

"गळ तुमचा व्हता म्हून मी काय म्हनत न्हाई, काका. तळं समद्यांचंच. पर जुना गंजलेला हाय, सुई घ्याया जा, येवढं तरी म्हनायचं व्हतं. तुमी लहान हाय म्हनलात म्हून मी गप पडून राहिले." मग ती माझ्याकडे वळली. "आन तू बी हुतीस की तिथंच."

सासू म्हणाली, "जा आता." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

बाबांनी ते गळ लोहाराला दिले आणि स्वतः उभं राहून भट्टीत टाकायला लावले. पुढल्या वर्षी पाऊस झाला आणि तळं भरलं. गावातली माणसं पुन्हा मासे धरू लागली. बाबा तळ्याच्या पाळीवर जायचे, पण अनवाणी पाण्यात उतरणाऱ्यांना ओरडायला. लोक म्हणायचे, म्हातारा सटकला.

मी टायपिंग शिकले आणि मला लातूरच्या एका नव्या कचेरीत टायपिस्टची जागा मिळाली. निघाले त्या सकाळी वहिनी दारात ज्वारी पाखडत बसली होती, दुखरा पाय लांब सोडून. तिच्याशी बोलायचं असं मी आदल्या दिवशी ठरवलं होतं. तिनं वर पाहिलं.

"निघालीस?"

"हाव. गाडी चुकंल," मी म्हटलं आणि थांबले नाही.

गाडीला अजून तासभर होता.