अप्पांचं माप मला पाठ होतं

मी तंजावूर सोडलं त्या दुपारी अप्पांनी दुकान बंद केलं नाही. स्टेशनवर अम्मा आली, शेजारच्या अक्का आल्या, दहीभाताचा डबा आला. अप्पांचा निरोप घ्यायला मात्र मलाच दुकानासमोर ऑटो थांबवावी लागली. ते हातातला रंधा खाली न ठेवताच बाहेर आले. "जाऊन ये," म्हणाले. "पुण्याचं मराठी शिकलीस म्हणून आम्हांस हसूं नको." मी तेव्हा हसले आणि ऑटो वळल्यावर रडले.

हे पुण्यातून लिहिते आहे, तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीतल्या आपल्या सगळ्या मराठी घरांसाठी आणि माझ्यासारखे चेन्नई-बंगळूरला पांगलेत त्यांच्यासाठी. तुमच्यातल्या बहुतेकांना देवनागरी येत नाही, ठाऊक आहे मला. कोणाकडून तरी वाचून घ्या. मलाही ती पुण्यातच नीट आली. घरात बोलायचं मराठी आणि वाचायचं तमिळ, असाच आपला कारभार.

दुकान पणजोबांनी सुरू केलं. सोनेरी वर्ख लावलेल्या देवांच्या चित्रांसाठी ते फणसाच्या लाकडाच्या फळ्या आणि चौकटी करत. आजोबांना देवांना चौकटीत बसवायचा कंटाळा आला की गिऱ्हाईक आटलं, कोण जाणे, पण ते माणसांच्या बसण्याकडे वळले. त्यांनी ऊंजल केले, म्हणजे घराघरातले झोपाळे, आणि कपाटं केली. अप्पांनी खुर्च्या-टेबलं आणि पुढे अख्खी स्वयंपाकघरं करायला घेतली. पाटीवर 'इंटीरियर डिझाइन' हे शब्द माझ्या हट्टापायी आले. अप्पांना ते आजही उगाचचे वाटतात.

एक रीत मात्र कोणी बदलली नाही. वस्तू ज्याच्यासाठी, त्याला दुकानात बसवल्याशिवाय माप घ्यायचं नाही. त्यासाठी लाकडाचे चपटे ठोकळे होते. ते एकावर एक रचून गिऱ्हाइकाला वर बसवायचं, पाय नीट टेकेपर्यंत ठोकळे कमी-जास्त करायचे आणि मगच टेप लावायची. तिरुवैयारुच्या एका वीणा शिकवणाऱ्या बाईंनी नवऱ्याबरोबर माप पाठवलं, तर अप्पांनी त्याला कॉफी पाजून तसाच परत पाठवला. "बसणार त्या आणि माप आणणार तुम्ही?" बाई तणतणत आल्या आणि अर्धा तास ठोकळ्यांवर बसून अप्पांशी गप्पा मारून गेल्या.

पुण्यात मी इंटीरियर डिझाइन शिकले, त्यातच नोकरी लागली, लग्न झालं. ऑफिसात माझं मराठी सगळ्यांना 'गोड' वाटायचं. गोड म्हणजे गमतीचं, हे मला लवकरच कळलं. पहिल्याच गिऱ्हाइकाच्या घरी मी तिथल्या आजींना पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसवून माप घ्यायला लागले, तेव्हा साहेबांनी मला बाजूला घेतलं. ओट्याची उंची ठरलेली असते, खुर्चीची ठरलेली असते, माणूस जमवून घेतो, असं त्यांनी समजावलं. मीही जमवून घेतलं. आता मी 'आत्ता'ला 'अत्तां' म्हणाले की माझी मुलगी हसते आणि मी तिला रागावत नाही.

गेल्या वर्षी अप्पांनी फोनवर सांगितलं की दुकान बंद करतो, मोबाइल विकणारा एकजण जागा मागतोय. इतकी वर्षं मी खुशाल लांब राहिले, ती दुकान तिथं आहे याच भरवशावर, हे तेव्हा उमगलं. मी घाईघाईने बोलत सुटले. ड्रॉइंग मी पुण्यातून करीन, गिऱ्हाइकांशी फोनवर बोलीन, वस्तू मुरुगेसन बनवतील. मुरुगेसन आमचे जुने सुतार, अप्पांचा उजवा हात. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "एक वस्तू करून दाखीव. बरी झाली तर दुकान ठेवतों."

मी अप्पांसाठीच खुर्ची करायचं ठरवलं. ते खुर्चीतही मांडी घालून बसतात, म्हणून रुंद, बुटकी, बाजूला हात नसलेली, सागवानी. मुरुगेसन ती आपल्या घरीच बनवणार होते. त्यांनी विचारलं, "पाप्पा, अय्यांना एकदा बसवून माप घेऊ का?" अय्या म्हणजे त्यांचे मालक, अप्पा; आणि माझी मुलगी शाळेत जाते तरी त्यांची मी अजून पाप्पाच, म्हणजे बाळ. मी त्यांना उडवून लावलं. अप्पांना आधी कळायला नको होतं आणि अप्पांचं माप मला पाठ होतं.

खुर्ची पोचल्यावर अप्पा एवढंच म्हणाले, "काम सुबक आहे." दुकानाचं नाव काढलं नाही. महिनाभर वाट बघून मी चिडून तिकीट काढलं. दोन वर्षांत गेले नव्हते. मुलीची शाळा, नवऱ्याची बदली, कारणं हजार होती.

घरात शिरले तर माझ्या खुर्चीवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. अप्पा पलंगाच्या कडेला पाय लांब सोडून बसले होते. मला बघून उठले ते एक हात भिंतीला आणि एक अम्माच्या खांद्यावर ठेवून. "गुडघे मुडपत नाहींत," अम्मा हळूच म्हणाली. "वरीस झालं. तुला सांगूं नको म्हणाले." त्या बुटक्या खुर्चीत ते एकदाच बसले होते आणि मुरुगेसनना बोलावून त्यांना उठवावं लागलं होतं. फोनवर मला रोज त्यांचा चेहरा दिसायचा, गुळगुळीत दाढी, कपाळाला गंध. तेवढ्यावर मी समाधान मानत आले होते. मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी दुकानात मी ठोकळे रचले आणि अप्पांना बसवलं. ते छाती काढून ताठ बसले.

"अप्पा, नेहमीसारखे बसा."

"हेंच नेहमीचं."

"मुरुगेसन हसताहेत बघा."

मग ते सैल झाले, खांदे उतरले, एक हात आपोआप आधार शोधायला लागला. उठायला सोपं जावं म्हणून किती उंच बैठक हवी, हात कुठे हवेत, एकेक माप घेतलं. डोळे भरून आल्यामुळे टेपवरचे आकडे मला दिसेनात, म्हणून ते मुरुगेसननी वाचले.

"चुकलं माझं, अप्पा. माझ्या खुर्चीनं तुमचं दुकान घालवलं."

"खुर्चीस काय झालं? माप जुनं, इतकंच." ते मुरुगेसनचा हात धरून उठले आणि ठोकळ्यांकडे बोट केलं. "अत्तां तूं बैस."

"मी कशाला?"

"दुकानांत बसणारीस खुर्ची नको?"

मोबाइलवाल्याचं काय झालं, हे मला विचारावं लागलं नाही.

आता दर महिन्यातला एक आठवडा मी तंजावूरला असते. गिऱ्हाइकांना त्याच आठवड्यात बोलावते. ती कुरकुरतात, पण येतात. पुण्यात नवरा आहे, मुलगी आहे, तेही घरच आहे. तंजावूरचं घर मात्र इतकी वर्षं मी आठवणीतच सांभाळत बसले आणि तिथली माणसं माझ्या आठवणीबाहेर म्हातारी होत गेली. घर तिथं जाऊन पुन्हा पुन्हा बघावं लागतं, नाहीतर ते आपलं राहत नाही. लांब गेलेल्यांनो, जात जा.

मधले तीन आठवडे फोनच असतो. अप्पा गंधबिंध लावून समोर येतात आणि बरं आहे म्हणतात. मी ते ऐकून घेते. मग सांगते, "अप्पा, फोन अम्माकडे द्या, आणि जरा चालून दाखवा."