हत्तीवरची जागा

भाई गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वसईच्या कचेरीत वाडीच्या उताऱ्याची नक्कल घ्यायला रांगेत उभी होते. आमचा शेजारी जुजे सायकल दामटत आला होता. घाम पुसत म्हणाला, "बाय, चला. भाई गेला. सकाळी चहा घेतला, ओटीवर टेकला, आणि तसाच…" माझ्या पुढे दोनच माणसं उरली होती. मी नक्कल घेतली, सही-शिक्का नीट आहे ना ते पाहिलं आणि मग निघाले. ही गोष्ट आमच्या वटार गावात अजून चघळली जाते. सख्खा धाकटा भाऊ गेला आणि ही बाई कागदासाठी थांबली! थांबले. भाईनं जन्मभर माझी कामं खोळंबून ठेवली होती, मरतानाही त्याला ती मुभा द्यावी असं मला वाटलं नाही.

त्याला जाऊन आता सहा आठवडे झाले. या दिवसांत घरी आलेल्या प्रत्येकानं मला सांगितलं, की भाई म्हणजे राजा माणूस. राजा होता हे खरं, कारण काम न करता बसून राहणं त्याला उत्तम जमत असे. केळीच्या लोंगरांना टेकू द्यायचा असला की त्याची कंबर धरायची. पानवेली उतरवायच्या दिवशी त्याला विरारला कुणाला तरी भेटायचं असायचं. आवाज मात्र गोड होता, आणि आपल्याकडे गोड आवाजाच्या माणसाला सगळं माफ असतं. मी वयाच्या चोविसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आले ती वाडी सांभाळायलाच आले म्हणायची. भाऊ होता तो सणासुदीला मिरवायला.

पण त्याच्याविषयी लिहायचं तर चक्रीचंच लिहायला हवं. बाकी त्यानं काही केलेलंच नाही.

आमची मावशी विरारला असायची. मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेला. सुईणपण करून तिनं पोट भरलं आणि थोडं गाठीशी बांधलं. लढाईच्या दिवसांत ती वारली. जाण्यापूर्वी आम्हां दोघांना बोलावून म्हणाली, "माझं जे काय आहे ते तुम्हां दोघांचं. पण वाटून घेऊ नका. सगळ्या घराला पुरेल आणि टिकेल असं काहीतरी घ्या." रक्कम मोठी नव्हती. पण विहिरीवर तेलाचं इंजिन बसवण्यापुरती होती, आणि मला दुसरं काही नकोच होतं. आमचा रहाट बैलावर चालायचा. पवळ्या सहा दिवस डोळ्यांना झापड बांधून गोल गोल फिरायचा, तेव्हा कुठे वाडीला पाणी मिळायचं, तेही पुरतं नाही. एकाच विहिरीवर आमची आणि आमच्या दोन्ही काकांची वाडी. वैशाखात पाण्याच्या पाळीवरून दोघा काकांची अशी जुंपली होती की तीन वर्षं ते एकमेकांशी बोलत नव्हते. "थोरल्याला सांग" आणि "धाकट्याला विचार" असे निरोप माझ्यामार्फत जायचे, आणि दोघंही बारा पावलांवर उभे असायचे. वाडीचे तुकडे होणार हे मला दिसत होतं. गावातल्या अर्ध्या वाड्यांचे असेच झाले होते. इंजिन आलं असतं तर पाणी सगळ्यांना पुरलं असतं, मग भांडायला कारण काय उरलं असतं? भाईनं मान डोलावली. इंजिन बघायला म्हणून पैसे घेऊन तो मुंबईला गेला.

चौथ्या दिवशी दारात गाडी उभी राहिली. गाडीवान मिठागराकडचा होता. मला बघून हसत म्हणाला, "बाय, घोडं आनलंय. चारा नको, पानी नको. उतरवू कुठं?" गाडीत तीन लाकडी घोडे आडवे पडले होते आणि एक हत्ती. जत्रेत असते ती चक्री. मधे खांब, त्याला चार आडवे वासे, प्रत्येक वाशाच्या टोकाला एक जनावर. चौथा घोडा कधीतरी मोडला होता म्हणून मालकानं दुसरीकडचा हत्ती जोडला होता. सोंडेचं टोक गेलेलं, रंग असा की हात लावला तर हाताला यायचा. जत्रेवाला म्हातारा झाला होता, धंदा बंद करत होता, भाई त्याला वाटेत भेटला. एवढंच घडलं होतं. माझं इंजिन, तीन एकर पाणी आणि मावशीचं आयुष्यभराचं रात्री-अपरात्री धावणं, सगळं त्या गाडीत आडवं पडलं होतं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"सगळ्या घराला पुरेल आणि टिकेल असं," भाई म्हणाला. "सागवान आहे, ताई. वाजवून बघ."

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. भाईनं ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाला, "लढाई चालू आहे. तेल मिळत नाही. इंजिन आणून काय त्याला हळदकुंकू वाहणार होतीस?" पुढे जुजेनं इंजिन घेतलं आणि तेलावाचून ते दोन वर्षं गोणपाटाखाली पडून राहिलं, हे खरं आहे. जुजे मला म्हणायचाही, "बाय, आमचं इंजिन निजलंय. तुमचे घोडे तरी जागे आहेत." पण भाईला हे आधी कुठे ठाऊक होतं? चक्री त्यानं घेतली ती आवडली म्हणून. कारण त्याला गाडीत बसल्यावर सुचलं. आयत्या वेळी सुचलेलं कारण बरोबर निघालं म्हणून माणूस शहाणा ठरत नाही.

त्याचा बेत असा होता, की चक्री विहिरीजवळच्या खळ्यात उभी करायची आणि पवळ्याला जुंपायचा. पवळ्याचा जन्म गोल फिरण्यात गेलेला. झापड बांधलं की रहाट काय आणि चक्री काय, त्याला काय कळणार! सहा दिवस बैल पाण्याला लागतो हे मात्र भाईच्याही ध्यानात होतं. म्हणून त्यानं चक्रीचा दिवस ठरवला सोमवार, कारण सोमवारी बैल मोकळा असतो. पहिल्या सोमवारी संध्याकाळी घरातली आणि काकांची मिळून नऊ पोरं केसांना तेल लावून घोड्यांवर दाटीवाटीनं बसली. भाई पवळ्याला घेऊन आला. थोरले काका आपल्या ओटीवर बसले होते, तिथूनच त्यांनी हाक मारली.

"भाई, आज वार कुठला?"

"सोमवार."

"सोमवारी बैल मोकळा का असतो रे?"

भाई झापड हातात घेऊन उभा राहिला. सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, तो महादेवाचा वार. आमच्याकडे हे रांगत्या मुलालाही ठाऊक असतं. भाईलाही ठाऊक होतं. पण बैल मोकळा असतो एवढंच त्यानं ध्यानात ठेवलं आणि का मोकळा असतो ते सोडून दिलं. मावशीची पुंजी त्यानं अशा बैलाच्या भरवशावर घालवली, जो सहा दिवस कामात होता आणि सातव्या दिवशी देवाचा होता. मला हसू आलं नाही. मी तेव्हाच मनात ठरवलं, की या माणसावर पुन्हा विसंबायचं नाही.

पण पोरं उतरेनात. धाकट्या काकांची लहानी तर घोड्याच्या मानेला मिठी मारून बसली होती. शेवटी थोरले काका उठले, पैरण काढून ओटीवर ठेवली आणि एका वाशाला छाती लावली. "एकट्यानं हलायची नाही ही," म्हणाले. भाईची बायको सुमती पदर खोचून दुसऱ्या वाशाला लागली. तिसऱ्याला मी लागले, कारण एव्हाना मला एवढंच हवं होतं, की हा तमाशा एकदाचा उरकावा. धाकटे काका बराच वेळ लांबून बघत होते. आपली लहानी थोरल्याच्या जिवावर फिरणार हे त्यांना पाहवेना म्हणून ते चौथ्या वाशाला आले. आणि भाई? भाई हत्तीवर चढून बसला आणि गाऊ लागला.

"खाली उतर आणि हात लाव," मी म्हटलं.

"मी बसलोय म्हणून ती फिरतेय, ताई. उतरलो तर बघ."

त्यानंतर बारा वर्षं दर सोमवारी हेच ऐकलं. आम्ही चौघांनी ढकलायचं, पोरांनी किंचाळायचं आणि या धष्टपुष्ट माणसानं हत्तीवर मांडी घालून गायचं. पोरानं कुणी हत्ती मागितला तर "हत्ती राजाचा" म्हणून परतवायचा. कामाला चुकायचा, सोमवार एकही चुकला नाही. एकदा अंगात सणकून ताप होता तर घोंगडी पांघरून येऊन बसला. इतका निर्लज्ज आळस मी दुसऱ्या कुणात पाहिलेला नाही.

दोघा काकांचं मात्र लिहिलं पाहिजे. गोलावर खांबाच्या विरुद्ध बाजूंच्या वाशांना ते असायचे, म्हणजे चालताना एकमेकांचं तोंड दिसायचं नाही. कितवा सोमवार होता आठवत नाही. धाकट्यांच्या मागून थोरल्यांचा आवाज आला, "पाय उचल, झोपलास काय?" तीन वर्षांनी भावाशी बोललेलं ते पहिलं वाक्य. धाकटे वळले नाहीत, ढकलता ढकलताच ओरडले, "तू तिकडे अंगचोरी करतोस म्हणून इकडे जड जातंय!" मग चार फेऱ्या त्यांनी एकमेकांचा यथास्थित उद्धार केला. सुमती घाबरली. मी म्हटलं, भांडू देत, निदान निरोप पोचवायचं माझं काम तरी सुटलं. पुढच्या वैशाखात पाण्याची पाळी ठरली ती त्या गोलावरच, धापा टाकत, एकमेकांच्या पाठीमागून ओरडत. वाडी फुटली नाही. लोक याचं श्रेय भाईला देतात. भाईला ते ठाऊकही नव्हतं. तो गात होता.

तेरावं झाल्यावर भाईचा मुलगा वसंत माझ्याकडे आला. मुलगा कामाचा आहे, आईवर गेलाय. आता कर्ज काढून इंजिन घ्यायचं ठरलं होतं आणि त्यासाठीच तर मी त्या दिवशी कचेरीत उभी होते. वसंत म्हणाला, "आत्या, इंजिनाची खोली खळ्यात बांधू. विहीर तिथून जवळ, नळ कमी लागेल. चक्री मोडून टाकू ना? लाकूड अजून चांगलं आहे."

"मोड," मी म्हटलं. "बारा वर्षांपूर्वीच मोडायला हवी होती. मंगळवारी सुताराला बोलाव."

मधे सोमवार आला. संध्याकाळी मी गोठ्यातून बाहेर आले तर दोन्ही काका आपापल्या वाशांशी उभे. दोघंही सत्तरी ओलांडलेले. बोलावलं कुणीच नव्हतं. सुमती दारात आली, थोडी थांबली आणि ती पण जाऊन उभी राहिली. पोरं घोड्यांवर बसली. जुन्या पोरांची आता लग्नं झालीत, ही पुढची. हत्ती तेवढा रिकामा होता. "शेवटचीच आहे, हात लाव," थोरले काका मला म्हणाले. मी हात लावला.

चक्री हलली आणि खडखडून थांबली. हत्तीचा वासा वर उचलला गेला होता आणि समोरच्या घोड्याचे पाय मातीत रुतले होते. पुन्हा ढकललं, पुन्हा तेच. धाकटे काका थोरल्यांवर ओरडले, थोरले धाकट्यांवर. मी जाऊन हत्तीवर बोटं वाजवली… घोडे भरीव सागवानाचे, हत्ती आतून पोकळ होता. तिकडे वजन असल्याशिवाय ती चक्री सरळ राहतच नव्हती. भाई बसायचा म्हणून ती फिरायची. बारा वर्षं दर सोमवारी त्यानं मला हे सांगितलं होतं, आणि आळशी माणसाची सबब म्हणून मी ते एकदाही ऐकलं नाही.

या एका बाबतीत तो खरं बोलत होता. बाकीच्या बाबतीत माझं मत कायम आहे.

सुमती वाशाला डोकं टेकून रडायला लागली. रडून चक्री सरळ होणार नव्हती. मी वसंतला समुद्रावरून वाळू आणायला पाठवलं आणि गोणीत भरून ती हत्तीवर बांधली. अर्ध्या गोणीनं भागलं नाही. पाऊण गोणीनं नाही. काठोकाठ भरून तोंड शिवलं तेव्हा कुठे वासे एका पातळीत आले. लोळून लोळून केवढा झाला होता ते त्या दिवशी कळलं. चक्री फिरली. काका ओरडले, पोरं किंचाळली. गोणी गात नाही एवढाच काय तो फरक.

मंगळवारी सुतार आला, त्याला मी परत पाठवलं. वसंतला सांगितलं, इंजिनाची खोली गोठ्यामागे बांध. "आत्या, नळ जास्त लागेल," तो म्हणाला. "लागू दे," मी म्हटलं. इंजिन पुढच्या महिन्यात येतंय. पवळ्याच्या जागी आता जो बैल आहे, त्याला मग सातही दिवस सोमवार.

गोणपाट खारट वाळूनं लवकर कुजतं. कुठे भोक पडलं की वाळू झिरपते, हत्ती वर जातो आणि घोडा मातीत टेकतो. म्हणून दर रविवारी दुपारी मी दाभण आणि सुतळी घेऊन खळ्यात बसते, गोणी चहूबाजूंनी चाचपून बघते आणि उसवली असेल तिथे शिवते. भाई होता तेव्हा त्याच्या सदऱ्याचं तुटलेलं बटण मी कधी लावून दिलं नाही.