खांबाखालच्या चपला

आमच्या गल्लीत खांबाखाली चपला दिसल्या की समजायचं, लाइट येणार. दोन्ही चपला जोडीनं, टोकं रस्त्याकडे करून ठेवलेल्या. मान वर केली की तारांच्या गुंत्यात आमचे लाइनमन दिसायचे. खालून कोणीतरी ओरडायचं, "भाऊ, चहा घेऊन जा." वरून ठरलेलं उत्तर यायचं, "राहू द्या जी."

तीस वर्षं त्यांनी नवेगाव बांधचे खांब सांभाळले आणि तीस वर्षांत आमच्या गल्लीत एकाही घरी चहा घेतला नाही. मला आधी वाटायचं, माणूस शिष्ट आहे. मी शाळेत शिकवते. न बोलणाऱ्यांबद्दल माझं मत जरा लवकरच वाईट होतं. पुढे कळलं, तो शिष्टपणा नव्हता, निव्वळ बुजरेपणा होता. वादळात खांबावर चढणारा हा माणूस दुसऱ्याच्या उंबऱ्याशी आला की घामाघूम व्हायचा. असा एखादा तुमच्याही ओळखीचा असेल.

ते निवृत्त झाले आणि वर्षभर दिसलेच नाहीत. त्यांचं घर गल्लीच्या टोकाला. एका रविवारी त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, मला हाक मारली. "बाई, या जरा. आमच्या यायनं काय करून ठेवलं, पाहा."

छपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, एक जुनं लाकडी दार आडवं टाकलं होतं आणि त्या दारावर आमची अख्खी गल्ली उभी होती. भिंती अगरबत्तीच्या पुड्यांच्या. खोक्याच्या पुठ्ठ्याचा वरचा कागद सोलला की आत नागमोडी नाळ्या निघतात, त्याचे टिनाचे पत्रे. पत्र्यांवरचा गंज पानाच्या काताचा. छपरांवरचे कवेलू, म्हणजे कौलं, शीतपेयाच्या नळ्या उभ्या चिरून, गेरूत बुडवून केलेले. खराट्याच्या काड्यांचे खांब आणि त्यावर तांब्याची केसाएवढी तार. मधल्या खांबाखाली सायकलच्या ट्यूबमधून कापलेल्या दोन चपला, तांदळाच्या दाण्याएवढ्या.

मी वाकून पाहतच राहिले. आमच्या छपरावर ताडपत्री होती, तिच्यावर टायर होतं, आणि टायरात एक चेंडू.

"हा चेंडू कुठला, भाऊ?"

"तुमच्याच टायरात आहे जी. चार वर्षांपासून."

घरी येऊन शिडी लावली. चेंडू होता.

पण घरी येण्याआधी माझ्या तोंडून एक वाक्य निसटलं. मास्तरकीची खोड, चूक दिसली की जीभ थांबत नाही. म्हटलं, "भाऊ, आमचं दार त्या बाजूला नाही हो. आणि हिरवं नाही, निळं आहे." मग वहिनी वाकल्या. शेजारच्यांचं दार चुकलं होतं. समोरच्या किराणा दुकानाला तर दारच नव्हतं, छप्पर मात्र हुबेहूब.

वहिनी पोट धरून हसल्या. "तीस वर्ष गल्लीत काढली, अन् एका घराचं दार ठावं नाई!"

"मी वरूनच पायलं ना वं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला माझ्या जिभेचा राग आला.

त्याला कारण होतं. दिवाळीनंतर दोघं मुलाकडे रायपूरला जाणार होती, कायमची. "तिथं आमचं घर पाचव्या मजल्यावर आहे जी," ते सांगत होते. "मले तिथं कोण ओळखते? म्हणून गल्ली संग नेऊन राहिलो. अन् तिथं गेल्यावर चूक दिसली, तं कोणाचं दार पाहाले येऊ?"

दिवाळीला दीड महिना होता. दुसऱ्याच दिवसापासून हा माणूस दारोदार फिरू लागला. हातात मापाला खराट्याची काडी, एक चिठोरा आणि डॉटपेन. आधी रस्त्यातच उभे राहायचे, घसा साफ करायचे, शर्टाची बटणं तपासायचे. कोणी विचारलं, "काऊन जी, मीटर पाहाले आले का?" की हळूच म्हणायचे, "नाई जी. दार पाहून राहिलो."

लोकांना मजा वाटली, पण नाही कोणी म्हटलं नाही. किराणावाल्यानं तर फळ्या लावून दाखवल्या, काढून दाखवल्या.

आमच्याकडे ते सगळ्यात शेवटी आले. काडीनं चौकट मोजली, कडीची जागा टिपली, निळा रंग कुठं उडाला तेही लिहिलं. मी सवयीनं म्हटलं, "चहा ठेवू?" ते सवयीनं म्हणाले, "राहू द्या जी." मग थोडा वेळ दाराकडे पाहत उभे राहिले. दार आतून कसं दिसतं तेही पाहायला हवं, असं काहीतरी पुटपुटले आणि दारात चपला काढून आत आले. टोकं रस्त्याकडे.

खुर्चीच्या अगदी कडेला बसले. बशीतून चहा प्याले.

"चांगला आहे जी चहा," ते म्हणाले. "तीस वर्ष उगाच राहू दिला."

मी खूप हसले. ते गेल्यावर मात्र कप धुताना डोळे भरून आले. एवढ्या वर्षांत आपणही कधी उठून खांबाखाली कप नेऊन दिला नाही, हे मला तेव्हा जाणवलं.

दिवाळीनंतर टेम्पो आला. भांडीकुंडी मागे चढली. गल्लीवर जुनं लुगडं गुंडाळून ते स्वतः तिच्याजवळ मागे बसले. गडबडीत मला ती पुन्हा पाहायला मिळाली नाही.

आता लाइट गेली की दुसराच तरुण लाइनमन येतो. तो बूट घालून चढतो. काम चोख आहे त्याचं. पण लाइट येणार की नाही, ते खालून कळत नाही.

परवा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. रायपूरच्या खिडकीपाशी गल्ली मांडली होती. मी म्हटलं, "आमचं घर दाखवा." फोन छपरांवरून हळूहळू खाली उतरला. किराणा दुकान दिसलं, फळ्या लावलेलं. मधला खांब दिसला. त्याच्याखाली काहीच नव्हतं.

"भाऊ, चपला पडल्या वाटतं प्रवासात."

"नाई जी. पुढं पाहा ना."

फोन आमच्या दाराशी थांबला. निळं दार, डाव्या बाजूला रंग उडालेला. उंबऱ्याबाहेर तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन चपला, टोकं रस्त्याकडे.

मी तेच विचारलं, जे मला येतं. "चहा ठेवू?"

"ठेवा जी," ते म्हणाले.