टेपनं बांधलेली काठी

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली पहिली मी. हे मी कुठंही सांगते, विचारलं नाही तरी सांगते. बाबा नांदेडकडच्या गावातून हैदराबादला आले ते सातवी नापास होऊन, आणि कुकटपल्लीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून त्यांनी जन्म काढला. त्यामुळे घरात नवी वस्तू आली की तिच्यासोबतचा कागद वाचायचा मान माझा, आणि कागद बाजूला सारून ती वस्तू उलटीपालटी करून बघायचा मान त्यांचा.

राज्याचे दोन तुकडे झाले तेव्हाची ही गोष्ट. आमच्या सरकारी ऑफिसातही वाटणी चालली होती. कपाटं, खुर्च्या, फायली आणि शेवटी माणसं. कुठल्या कपाटावर कुठल्या राज्याची चिठ्ठी चिकटवायची यावर दोन-दोन तास बैठका व्हायच्या. माझं नाव तात्पुरत्या यादीत हैदराबादला होतं. पक्की यादी नंतर, असं साहेब सांगायचे. नंतर म्हणजे कधी, हे साहेबांनाही कोणी सांगितलेलं नव्हतं.

घरात काळजी वेगळीच होती. बाबा स्कूटरवरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. आत प्लेट बसली, हाड जुळलं, पण पकड गेली. चहाचा कप धरता यायचा, पाण्याची बादली नाही. रिटायर झाल्यापासून दर रविवारी सकाळी चेरुवूवर, म्हणजे तळ्यावर, मरळ मासा धरायला जायचा त्यांचा नेम होता. बांबूची जड काठी आता उचलेना. तळ्यावरचा त्यांचा दोस्त, एक म्हातारा शिंपी, फोन करून बोलवायचा. बाबा सांगायचे, यंदा पाणी कमी आहे, मजा नाही. पाणी किती आहे हे त्या दोस्ताला चांगलं दिसत होतं, कारण तो तळ्यावरूनच फोन करत असायचा.

बाबा पुन्हा तळ्यावर जावेत एवढंच मला हवं होतं. म्हणून मी सिकंदराबादच्या एका दुकानातून त्यांच्यासाठी कार्बनची कोरी काठी आणली. नुसती काठी. दोरा जायच्या कड्या वेगळ्या, रीळ वेगळं, रीळ बसवायची बैठक वेगळी. सगळं आपण जोडायचं. बाबांनी ती बघितली आणि म्हणाले, दुकानदारानं अर्धवट माल ग्रॅज्युएट बाईंच्या गळ्यात मारला. मी म्हटलं, खरे हौशी लोक अशीच घेतात, हाताला बेतून बांधायला. त्यांनी ती दोन बोटांनी उचलली. इतकी हलकी असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. ते आत जाऊन चष्मा घालून आले.

आणि थेट बाल्कनीतल्या व्हाइसमध्ये, लोखंडी शिकंज्यात, तिचं बूड घालून दांडा फिरवायला लागले. फिटरच्या हाताला तेवढंच कळतं, वस्तू आधी आवळायची. मी धावत जाऊन काठी ओढून घेतली. कार्बनची नळी आतून पोकळ असते, आवळली की चिरते, हे कागदावर लिहिलेलं होतं. एका गुणानं मी पुढं गेले.

तो गुण टिकला नाही. मी गोंदाच्या दोन्ही ट्यूबांतला थोडा थोडा गोंद बशीत कालवून तयार होते. कागदावर बैठकीची जागा इंचात दिली होती, तिथं चिकटवायची की झालं. बाबांनी बशी उचलून खिडकीत ठेवली.

"आधी टेप," ते म्हणाले. "जॉब बसवून बघायचा, मग वेल्डिंग मारायचं. कॉलेजात हे शिकवत नाहीत काय?"

मी रुसले. गोंद बशीतच दगड झाला.

मग त्यांनी काठीचं बूड फरशीवर टेकवलं, टोक डाव्या तळहातावर ठेवलं आणि मला मधोमध दाबत काठी गोल फिरवायला सांगितलं. फिरता फिरता ती एका जागी आपोआप पलटली. परत फिरवली, परत तिथंच पलटली. माणसाला असते तशी काठीलाही पाठ असते, म्हणाले, कड्या तिला धरूनच लावायच्या. काळ्या काठीवर खूण दिसेना म्हणून माझी लाल नेलपॉलिश कामी आली. कड्या इलेक्ट्रिकच्या टेपनं बांधल्या. मग काठी खिडकीच्या गजांना टॉवेलात गुंडाळून बांधली, टोकाला तांब्या टांगला, आणि मी त्यात एकेक ग्लास पाणी ओतत गेले. काठी कुठून वाकते, किती वाकते, हे बाबा एक डोळा मिटून बघत होते. खाली बसलेली आई म्हणाली, तांब्याला अंघोळ घालून झाली असली तर तो द्या, मला पाणी प्यायचंय.

काठी पास झाली. प्रश्न हाताचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर गेलो. बैठक कागदातल्या मापावरच, पण टेपनं बांधलेली. दोऱ्याला गळाऐवजी एक नट. बाबांनी काठी मागं नेली, पुढं फेकली, आणि ती हातातूनच सुटली. रीळ खणकन गच्चीवर आपटलं. नट आमच्या पायाशीच पडला.

बाबा बराच वेळ मनगट चोळत राहिले. "परत देऊन ये ती," ते म्हणाले. "गोंद लागलेला नाही, घेईल तो."

कागदावर यापुढचं काही लिहिलेलं नव्हतं. मग मी सहज विचारलं, कारखान्यात मोठा पाना फिरवताना हात दुखला तर काय करायचात?

"मनगट सोडून द्यायचं. कोपराखाली धरायचा," ते म्हणाले, आणि बोलता बोलताच काठीकडं बघायला लागले.

टेप सोडली. बैठक चार बोटं वर घेतली, मग आणखी दोन. आता काठीचं बूड हाताखालून पार कोपरापर्यंत टेकत होतं. जोर कोपराचा आणि डाव्या हाताचा, उजवं मनगट नुसतं सोबतीला. बाबांनी फेकलं. नट पाण्याच्या टाकीवरून गेला आणि गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला, खालच्या मजल्यावरच्या आंटीनं वाळत घातलेल्या वडियालूत, तिच्या सांडग्यांत, जाऊन रुतला. आंटी तिथंच कावळे हाकत बसली होती.

"अंकुल," ती शांतपणे म्हणाली, "चेपलु चेरुवू में रहते. ये वडियालु है."

मासे तळ्यात राहतात हे मान्य करून बाबांनी माफी मागितली. पण माझ्याकडं बघून हळूच म्हणाले, "पोचला ना तिथवर."

रविवारी ते तळ्यावर गेले, मीही गेले. दोस्तानं त्यांचं पट्टी बांधलेलं मनगट बघितलं, टेपा गुंडाळलेली काठी बघितली.

"हात कू भी पट्टी, लाठी कू भी पट्टी. दोनों एकीच दवाखाने से आए क्या?"

बाबा हसले आणि त्यांनी गळ टाकला. त्या दिवशी मासा त्या दोस्तालाच मिळाला, अर्धा त्यानं आम्हाला दिला. बाबा घरी येऊन दोन वाट्या रस्सा प्याले.

मला वाटलं, आता तरी गोंद लावू. बाबा नको म्हणाले. हात सुधारत होता. महिन्या-दीड महिन्यानं ते टेप सोडायचे, बैठक बोटभर खाली सरकवायचे आणि नव्या जागी माझी नेलपॉलिश लावायचे. ऑफिसात माझी यादी तात्पुरतीच राहिली, घरात काठी. पक्की यादी लागली, मी हैदराबादलाच राहिले, तेव्हा काठीवर एकाखाली एक सहा लाल रेघा होत्या. सगळ्यात खालची बरोबर कागदात सांगितलेल्या इंचावर.

मी कागद काढून त्यांच्यासमोर धरला. म्हटलं, बघा, पहिल्या दिवसापासून हाच बरोबर होता.

"बरोबर होता," बाबा म्हणाले. "घाईत होता."

मग त्यांनी स्वतःच गोंद मागितला. मी कपाटातून ट्यूबा काढून वाचल्या. त्यांची मुदत केव्हाच संपली होती.